टोपी

पुढच्या खुर्चीवरच्या नर्सबाईंची टोपी बराच वेळ हलली नव्हती. मागे बसलेले मास्तर त्या टोपीकडेच बघत होते. टोपी फिरली म्हणजे मान फिरली. मान फिरली म्हणजे आभाळ बघितलं. तीस वर्षं ते असेच शिकवत आले होते.

ग्लायडर उन्हात सावकाश घिरट्या घेत वर चढत होतं. मास्तरांची ही आजची सहावी फेरी. कंबर धरली होती.

"बाई, डावीकडे कोण आहे?"

"कोणी नाही, मास्तर. डबी गप्प आहे."

"मी तुम्हाला विचारलं, डबीला नाही."

टोपी घाईने डावीकडे वळली, पुन्हा समोर आली आणि तिथेच थांबली.

दुसरं ग्लायडर जवळ आलं की दोन्हींतल्या डब्या एकमेकींचा इशारा पकडून ओरडायच्या. मास्तरांनी निघतानाच आपल्या डबीची कळ गुपचूप बंद केली होती. एकटीने उडायची परवानगी देण्याआधी ते प्रत्येकाला असंच पारखत. बाहेर न बघता डबीवर विसंबल्या म्हणून बाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. आज त्या वॉर्डातली पाळी बदलून आल्या होत्या.

मास्तरांनी डोकं मागे टेकलं. सगळं शांत होतं. टोपी काही हलत नव्हती.

खाली उतरल्यावर बाईंनी परवानगीच्या सहीसाठी वही पुढे केली. मास्तरांनी पेन उघडलं. तेवढ्यात मागोमाग आपलं ग्लायडर घेऊन उतरलेला गावचा पोस्टमास्तर गवतातून धापा टाकत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"अहो, मेलो असतो की तिघं! तुमच्या शेपटीवरून गेलो मी. सूर्य डोळ्यांत होता, आणि माझी डबी वाजलीच नाही. मास्तर, तुमच्या टोपीवरचं ठिगळ दिसलं मला. ठिगळ!"

बाईंनी वाकून आत बघितलं. डबीचा दिवा विझलेला होता.

"ही तर बंद आहे."

"मीच केली," मास्तर म्हणाले. "तुम्ही बाहेर बघता का, ते बघायला."

"आणि म्हणून यांचीही वाजली नाही?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

दमलेल्या आवाजात, रोग्याला विचारावं तसं बाईंनी विचारलं, "मी चुकले, मास्तर. पण तेव्हा तुम्ही कुठे बघत होता?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"तुमच्या टोपीकडे," ते म्हणाले.