परत आलेल्या कुरडया

दोनशे चौदा जणींनी स्टेटस पाहिलं होतं. एकीनंही कुरडई मागितली नव्हती.

स्वप्नानं आईचा फोन पालथा ठेवला. चैत्र अर्धा सरला होता. आई असती तर एव्हाना अंगणातल्या बाजांवर धोतरं अंथरून कुरडया वाळत पडल्या असत्या. बोरीपासून घोडेगावपर्यंतची गिऱ्हाइकं याच फोनमध्ये होती. दरवर्षी आई स्टेटसला एकच ओळ लिही, 'गहू भिजत घातला.' मग दोन दिवस फोन थांबत नसे.

आई कार्तिकात गेली होती.

पुण्यात स्वप्नाचं काम हेच होतं. लहान दुकानांची सोशल मीडियावरची पानं ती चालवायची. रोज ठरलेल्या वेळी टाका, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, भाव लपवू नका, चेहरा दिसू द्या, असं ती लोकांना शिकवायची. दोन महिन्यांची रजा घेऊन ती घरी आली आणि शिकवलेलं सगळं तिनं करून पाहिलं. नवं बोधचिन्ह केलं. आईच्या फोनमधल्या गेल्या वर्षीच्या फोटोंचे रील केले. ज्या फोटोंत आई होती, ते तेवढे वगळले.

उत्तरादाखल फक्त जोडलेले हात येत. कुणाचे पिवळे, कुणाचे गव्हाळ. नको म्हणायची गावाकडची पद्धत असेल, असं तिला वाटलं. तिनं भाव कमी केला. पुन्हा जोडलेले हात आले.

सोमवारी संध्याकाळी द्रौपदामावशी येऊन पायरीवर बसली. बारा वर्षं आईच्या बरोबरीनं ती चीक शिजवत आली होती. आणखी तिघीजणींचं उन्हाळ्याचं काम त्यावरच असे. स्वप्नानं तिला नवं रील दाखवलं. मावशीनं फोन लांब धरून निरखला.

"ही कुरडई लई नटलीय गं. खायची, का वरातीत बसवायची?"

स्वप्ना हसली नाही. मग मावशीनं मुद्द्याचं सांगितलं. कांदा काढणीला बाया कमी पडत होत्या. पिंपरी पेंढारच्या मुकादमाला तिनं मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं. उद्याच्या दिवसात काही ठरलं नाही, तर चौघी बुधवारी कांद्याला जाणार होत्या. एकदा गेल्या, की उन्हाळा संपेपर्यंत सुटका नव्हती.

मावशी उठून गेली तेव्हा तिच्या पदराचा आंबूस वास मागे राहिला. भिजलेल्या गव्हाचा. चैत्रात आईच्या पदराला हाच वास असे. अलीकडे स्वप्नाला आईच्या खोकल्याचाही भास होई. तिनं दार लावून घेतलं.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला अंबाबाई आल्या. घोडेगावच्या. आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दोन गाड्या बदलून आल्या होत्या, मांडीवर डबा सांभाळत. त्यांनी डबा उघडून ओट्यावर ठेवला. आत कुरडया होत्या आणि वर पिशवीचा कापून ठेवलेला तुकडा होता. त्यावर आईच्या अक्षरातली गेल्या वर्षीची तारीख.

स्वप्नानं तारीख वाचली. माल परत येणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तर हे कारण होतं. माल वाईट निघाला होता, आणि आई गेली म्हणून कुणी बोललं नव्हतं. तिनं हळू आवाजात विचारलं, खराब निघाल्या का?

अंबाबाईंनी डबा तिच्याकडे सरकवला.

"खराब कशाला निघतील? दुःखाच्या घरी वर्षभर कुरडई-पापड करत न्हाईत, बाई. मग मागायचं कुठल्या तोंडानं? आपल्या डब्यातलं नेऊन द्यायचं असतं. माझ्या डब्यात तुझ्या आईच्याच व्हत्या."

स्वप्नानं पिशवीचा तुकडा उचलला. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि तेव्हा रीतभात आईनं सांभाळली होती. आता सांगणारं घरात कुणी नव्हतं. बाहेरच्यांना वाटलं होतं, पोरीला माहीत आहे. दोनशे चौदा जणी रोज तिचं स्टेटस उघडत होत्या आणि हात जोडत होत्या.

अंबाबाईंनी तिला बाजूला सारलं. स्वतःच्या हातानं कढई ठेवली, तेल ओतलं. बाहेरच्या माणसानं कढई चढवली, की घराला पुन्हा कुरडया करायची मोकळीक मिळते, म्हणाल्या. काल द्रौपदाचा फोन आला नसता, तर त्या अक्षय्य तृतीयेला आल्या असत्या.

पहिली कुरडई तेलात पडली आणि क्षणात ताटलीएवढी फुलली. पांढरीशुभ्र. स्वप्नानं ती मोडून तोंडात घातली.

मग तिनं कढईचा फोटो काढला. उजेड बरा नव्हता, कोपऱ्यात अंबाबाईंचं कोपर आलं होतं. खाली लिहिलं, 'या आईच्या कुरडया. अंबाबाईंनी आणून तळल्या.' भाव लिहिला नाही.

दुसरा घाणा निघायच्या आत फोन वाजायला लागला. आमच्याकडं पण अर्धा किलो आहेत, आणून देते. आमचे पाच किलो धर. वहिनींचे दोन. गहू कधी भिजवतेस?

द्रौपदामावशी दारात येऊन उभी होती. स्वप्नानं हिशेब केला. गहू आज भिजवला, तरी चीक निघायला तीन दिवस लागणार, आणि बाया उद्या कांद्याला जाणार. तिनं फोन मावशीपुढे धरला. आता कसं करायचं, असं विचारलं.

मावशीनं पदर खोचला. तोच आंबूस वास आला.

"शनिवारीच घातलाय भिजत, माझ्या घरी. चल, चीक काढायला आलाय."