मॉरिस आणि हिलमन

“तुझी हिलमनच भारी,” घारपुरे कपाकडे बघत म्हणाला.

मी दचकलो. तीस वर्षं दर रविवारी त्याच्या व्हरांड्यात आम्ही आपापल्या जुन्या विलायती गाड्यांवरून भांडत आलोय. माझी हिलमन चौदाशे सीसीची, त्याची मॉरिस मायनर साडेनऊशेची. वेगात माझीच पुढे. पण तसं म्हटलं की तो आधी ॲव्हरेजचा विषय काढायचा, मग मॉरिस वळण कसं घेते ते बशीभोवती चमचा फिरवून दाखवायचा. हार मानणं त्याला ठाऊकच नव्हतं.

आज चमचा नुसताच पडून होता. मी अंगणात पाहिलं. मॉरिसचं कव्हर घडी घालून कठड्यावर ठेवलेलं, आणि फरशीवर फक्त तेलाचा डाग.

“कधी दिलीस?”

“मंगळवारी. गुडघा क्लच दाबू देईना.”

माझाही डावा गुडघा ठणकला. जिंकल्याचा आनंद शोधला, सापडला नाही.

“भारी म्हणे!” मी उगाच आवाज चढवला. “कात्रजच्या घाटात तुझ्या मॉरिसने मला मागे टाकलं होतं, ते विसरलास?”

असं कधी घडलंच नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने चमचा उचलला.

“दोनदा,” तो म्हणाला.