मानमोडी

"आत्याबाई, पोरीनं मान धरली का?" बंद दाराआडून तापलेली ठकू रोज विचारायची.

"अजून नाही गं," साळूबाई सुनेला सांगायची.

साथीला गावानं मानमोडी नाव दिलं होतं. ताप चढला की मान सावरत नसे, आणि धडधाकट माणूस बघता बघता मान टाकायचा. म्हणून तान्ही नात साळूबाईनं स्वतःकडे घेतली होती.

खरं तर नातीनं केव्हाच मान धरली होती. पण आस पुरली की जीव सुटतो, या भीतीनं साळूबाई खोटं बोलत राहिली.

आज ठकूनं विचारलं नाही. साळूबाई आत गेली, तेव्हा तिनं मान टाकली होती.

तान्ह्याला उचलताना घालतात तसा साळूबाईनं सुनेच्या मानेखाली हात घातला. "धरली गं, केव्हाच धरली."