पालथं फुलपात्र

दादा सीमेवर, मी पलूसला. दर रविवारी फोनवरच आमची फाशांच्या खेळातली लढाई व्हायची. तो गरुडावर, मी ड्रॅगनवर. उंची दाखवायला मी प्लास्टिकचा गरुड आईच्या पालथ्या फुलपात्रावर ठेवायचे. त्या रविवारी खेळात माझ्या ड्रॅगनच्या आगीनं गरुडाचा पंख जळाला, दादाचा डाव आला आणि फोन कट झाला. डाव हुकला की पक्षी पडतो, असा नियम. गरुड उतरवायला गेले तर आई ओरडली, "हात लावू नगंस त्याला!" नऊ दिवस फोन लागला नाही. आई ताटंसुद्धा गरुडाला वळसा घालून मांडायची. दहाव्या दिवशी फोन वाजला. "आई, बरा हाय मी. बर्फानं टॉवर पडलेला. माझा गरुड मेला आसंल?" "मरतोय कशाला? हाय की वरच." "मग उतरव आता." आईनं दोन्ही हातांनी गरुड उतरवला. फुलपात्र सुलटं करून त्यातूनच ती घटाघटा पाणी प्याली.