वीस बाजूंचा फासा
देवानं टाकलेला पुजारी. उंचीला भिणारा ड्रॅगनस्वार. मंत्र विसरणारी म्हातारी चेटकीण. ही संगमेशनं स्वतःसाठी रचलेली, पण कधीच न खेळलेली पात्रं. लातुरातल्या आमच्या फाशांच्या खेळात दर रविवारी तो गोष्ट सांगायचा, आम्ही आपापली पात्रं खेळायचो. आज लिंगायत रीतीनं त्याला समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवलं होतं, डाव्या तळहातावर इष्टलिंग. संगमेशच्या वडिलांनी अपघातानंतर त्याच्या शर्टात सापडलेला वीस बाजूंचा फासा खिशातून काढला. “ह्या खेळात माझा लेक कोण व्हता रे?” “कोणीच न्हाई, काका. गोष्ट सांगणाऱ्याला पात्र नसतंय,” मी म्हणालो. “म्हंजे घरच्यावानीच. सगळ्यांना वाढायचा, आपण मागून जेवायचा.” त्यांनी फासा त्याच्या उजव्या हातात ठेवला. ताठरलेली बोटं मिटेनात. “तू मिटव, तुमचा खेळ हाय,” ते मला म्हणाले. मी मिटवली. येत्या रविवारी गोष्ट मी सांगणार होतो. संगमेश खेळणार होता.