सात शनिवार

"समजलं का?" असं कुणीही विचारलं, की दीपा लगेच "हो" म्हणायची. थोरल्या बहिणीनं सातवीत असताना "गणित समजत न्हाई" एवढंच घरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी, म्हणजे आबांनी, तिची शाळा बंद केली.

घराण्यात पहिल्यांदाच बी.एस्सी. होणाऱ्या पोरांना कॉलेजातले मोझेस सर दर शनिवारी सावेडीतल्या आपल्या घरी बोलवायचे आणि एम.एस्सी.च्या मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. मुद्दाम अवघड प्रश्न विचारायचे. दीपा काहीतरी ठोकून द्यायची.

"समजलं नसेल तर तसं म्हण," सर सांगायचे. "तिथं थापा चालत नाहीत."

तेवढं म्हणायला तिला सात शनिवार लागले.

पुण्याला मुलाखतीत मॅडमनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं. दीपा म्हणाली, "हे मला समजलेलं नाही."

"कुठपर्यंत समजलं?" मॅडमनी विचारलं, आणि मुलाखत तिथूनच रंगली.

प्रवेशाचं पत्र गावी, तिसगावला आलं, तेव्हा थोरली माहेरी आलेली होती. आबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं.

"तितं समदं इंग्रजीत आसंल. समजंल का तुला?"

मांडीवरच्या लेकीला थोपटणारा थोरलीचा हात थांबला. दीपाच्या ओठांवर "हो" आलंच होतं. तिनं ते गिळलं.

"लई काय काय समजायचं न्हाई, आबा," ती म्हणाली. "म्हनून तर जायचंय."