मिगची काच

हे लिहिणार नव्हतो. कारण गम मीच दिला होता.

जळकोटला हायवेच्या कडंला शिवशरणचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. दुकान बापाचं, बंडप्पाकाकांचं. हात शिवशरणचा. भर दुपारी तो भिंगाच्या दिव्याखाली मिग विमान जोडत होता. खऱ्यापेक्षा बहात्तर पट लहान. आठ महिने चाललं होतं.

पुण्याच्या एका कंपनीनं त्याला सोमवारी हजर व्हायला सांगितलेलं. बापाला अजून माहीत नव्हतं. मी विचारलं की म्हणायचा, "मिग होऊ दे. मग सांगतो."

आज झालं. पंख, चाकं, शेपटीवरचे तीन रंग. शेंगदाण्याएवढा पायलट खुर्चीत बसला. राहिली फक्त वरची काच. आणि विमानाचा गम संपला.

"हा घे की," म्हणून मी मोबाईल चिकटवायचा गम पुढं केला. शिवशरणनं चिमट्यानं काच बसवली, दाबून धरली.

बंडप्पाकाका चहा घेऊन आले.

"झालं व्हय?"

"व्हय अप्पा. अप्पा, सोमवारी..."

"लई झ्याक. हितंच टांगू, गल्ल्याच्या वर. गिऱ्हाईक बघतंय." ग्लास देता देता ते म्हणाले, "दुसरं घे आता करायला. तू हितं बसतोस म्हणून तर दुकान हाय." मग माझ्याकडं बघितलं. "हे बी बसतंय. नुसतं चहाला."

शिवशरणनं ग्लास तोंडाला लावला. चहा संपल्यावर काका तार घेऊन स्टुलावर चढले. मिग वर गेलं, जाग्यावरच हळूहळू फिरायला लागलं.

तेव्हा दिसलं. काच पांढरी पडत होती. गमाची वाफ.

"पुसून निघंल की," मी म्हणालो.

"आतनं हाय ती. न्हाय निघायची." शिवशरण मान वर करून बघत होता. "श्वास घ्यायलाय बघ त्यो पायलट."

काका अजून स्टुलावर होते, ताराला पीळ देत. मी त्यांना ऐकू जाईल असंच बोललो.

"शिवा, सोमवारी पुण्यात हजर हो. आदल्या रातची एसटी धर. दुकानात म्या बसतो."

काकांचे हात थांबले. शिवशरणनं माझ्याकडं बघितलं.

"तुला मोबाईलचा स्क्रू तरी उघडाया येतो का?"

"न्हाय," मी म्हणालो. "शटर येतंय. सोमवारी म्या उघडतो."